एक सगळ्यांची, एक ज्याची त्याची

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आज दोन मोटारगाड्यांविषयी बोलायचं आहे. दोन्ही अमेरिकेतल्या, दोन्ही फोर्ड कंपनीच्या. पहिली मॉडेल टी. ती १ ऑक्टोबर १९०८ रोजी विक्रीला आली. दुसरी मस्टँग. ती १७ एप्रिल १९६४ रोजी न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात लोकांपुढे आली. दोघींच्या जन्मात साडेपंचावन्न वर्षांचं अंतर आहे. मोटारींचे शौकीन अशा जुन्या गाड्यांची तुलना करायला बसले, की कोणाचं इंजिन किती ताकदीचं आणि कोणती गाडी किती वेगाने पळायची यावर वाद रंगतो. तीही तुलना आपण करू. पण इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला त्याहून दोन साधे प्रश्न महत्त्वाचे वाटतात. गिऱ्हाइकाने या गाडीकडे काय मागितलं? आणि ज्या कामगाराच्या हातांनी ती तयार झाली, त्याच्या पदरात काय पडलं?

१९०८ साली अमेरिकेत मोटार ही श्रीमंतांची चैन होती. शहरातला पैसेवाला हौसेने ती फिरवी आणि धुरळा उडवत जाणाऱ्या त्या धुडाकडे खेड्यातला शेतकरी रागाने बघे. हेन्री फोर्ड हा स्वतः मिशिगन राज्यातल्या शेतकऱ्याचा मुलगा, १८६३ सालचा जन्म. त्याने गाडी मनात धरली ती या सामान्य माणसासाठी. तेव्हा तिथले बहुतेक ग्रामीण रस्ते मातीचे होते. पाऊस पडला की चिखल, ऊन पडलं की खोल चाकोऱ्या. म्हणून मॉडेल टीचा सांगाडा जमिनीपासून चांगला उंच ठेवला होता. व्हॅनेडियम मिसळलेलं पोलाद वापरल्यामुळे गाडीचे भाग बारीक आणि हलके करूनही ते चिवट राहिले. इंजिन चार सिलिंडरचं, २.९ लिटरचं, ताकद २० अश्वशक्ती. सपाट रस्त्यावर ती ताशी ६५ ते ७० किलोमीटर वेगाने जाई.

ही गाडी चालवणं म्हणजे कसरतच होती. आधी पुढे उभं राहून हँडल मारायचं. इंजिनाने उलटा झटका दिला तर मनगट मोडायचं. कंपनीने विजेवर चालू होणारा स्टार्टर द्यायला सुरुवात केली ती १९१९ साली. पायाशी तीन पेडल असत, पण आजच्या चालकाला ती बुचकळ्यात टाकतील. डावं पेडल गिअरचं, मधलं गाडी मागे घेण्याचं आणि उजवं ब्रेकचं. वेग कमी-जास्त करायचा तो स्टिअरिंगखालच्या दांडीने, हाताने. पेट्रोलची टाकी सीटखाली आणि पंप नाही. पेट्रोल उताराने इंजिनाकडे जायचं. त्यामुळे टाकीत पेट्रोल कमी असताना मोठा चढ आला, की गाडी उलटी फिरवून रिव्हर्समध्ये वर चढवावी लागे.

एवढं असूनही लोकांनी ही गाडी डोक्यावर घेतली. कारण ती बिघडली तर लोहारकाम जाणणारा कोणीही दुरुस्त करू शके. शेतकरी तिचं मागचं एक चाक उचलून धरत, त्याला पट्टा लावत आणि त्यावर लाकूड कापायची करवत किंवा पाण्याचा पंप चालवत. आठवडाभर शेतावर राबलेली गाडी रविवारी सगळ्या कुटुंबाला चर्चमध्ये घेऊन जाई. दूरच्या वस्तीवर एकट्या पडलेल्या घरांना डॉक्टर, बाजार आणि शाळा जवळ आली. गिऱ्हाइकाने मॉडेल टीकडे जे मागितलं ते एका वाक्यात सांगता येतं: मला इथून तिथे ने, आणि माझ्या खिशाला परवडेल अशा दरात ने.

खिशाची गोष्ट मात्र लगेच जमली नव्हती. १९०८ साली प्रवासी बनावटीच्या मॉडेल टीची किंमत ८५० डॉलर होती. कारखान्यातल्या साध्या कामगाराची पुढे १९१३ साली असलेली रोजची मजुरी, सुमारे २ डॉलर ३४ सेंट, जरी हिशेबाला धरली, तरी वर्षभराची सगळी कमाई त्या गाडीला पुरली नसती. हे गणित बदललं ते डेट्रॉइटजवळच्या हायलँड पार्क इथल्या कारखान्यात. १९१३ साली तिथे सरकती जुळणी-रेषा सुरू झाली. कामगाराने गाडीकडे जायचं नाही, गाडी कामगारासमोर येणार. प्रत्येकाने एकच ठरलेलं काम करायचं: एकाने बोल्ट बसवायचा, पुढच्याने त्यावर नट लावायचा, त्याच्या पुढच्याने तो आवळायचा. गाडीचा सांगाडा जोडायला आधी साडेबारा तास लागत. काही महिन्यांत तेच काम १ तास ३३ मिनिटांत होऊ लागलं. किंमत उतरत गेली आणि १९२५च्या सुमारास सर्वांत साध्या मॉडेल टीची किंमत २६० डॉलरवर आली.

इथे आपला दुसरा प्रश्न येतो, कामगाराचा. सरकत्या रेषेने त्याच्या हातातलं कसब काढून घेतलं. सुताराला, लोहाराला, फिटरला आपल्या कामाची गती स्वतः ठरवण्याची सवय असते. इथे गती पट्टा ठरवत होता. माणसं कंटाळून, थकून काम सोडून जाऊ लागली. १९१३ साली सुमारे १४ हजार माणसांचं मनुष्यबळ टिकवायला कंपनीला वर्षभरात ५० हजारांहून अधिक लोकांची भरती करावी लागली. यावर उपाय म्हणून ५ जानेवारी १९१४ रोजी फोर्डने घोषणा केली: दिवसाची कमाई ५ डॉलर आणि पाळी नऊऐवजी आठ तासांची. कमाई एका रात्रीत दुपटीहून जास्त झाली. कारखान्याच्या दारात कडाक्याच्या थंडीत हजारो माणसं नोकरीसाठी जमली आणि गर्दी आवरेना, तेव्हा त्यांच्यावर पाण्याचे फवारे सोडण्यात आले.

या पाच डॉलरची एक अट सहसा सांगितली जात नाही. त्यातला मोठा भाग नफ्यातला वाटा म्हणून दिला जात असे आणि तो मिळवायला कामगाराचं घरचं वागणं कंपनीच्या पसंतीला उतरावं लागे. त्यासाठी कंपनीने एक स्वतंत्र विभाग उघडला होता. त्याचे निरीक्षक कामगारांच्या घरी जात. घर स्वच्छ आहे का, माणूस दारू पितो का, पैसे बचत करतो का, घरात पोटभाडेकरू ठेवले आहेत का, याची चौकशी करत. कामगारांत युरोपातून नुकतेच आलेले स्थलांतरित पुष्कळ होते. त्यांनी इंग्रजी शिकून ‘अमेरिकन’ व्हावं असाही आग्रह होता. म्हणजे पगाराबरोबर एक पाळतही आली. पण दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. दिवसाला ५ डॉलर धरले तर २६० डॉलरची गाडी ५२ दिवसांच्या मजुरीत येते. आपण जी वस्तू बनवतो ती आपण विकत घेऊ शकतो, हा अनुभव कारखान्यातल्या साध्या मजुराला त्याआधी फारसा आलेला नव्हता.

मॉडेल टीचा शेवट कसा झाला हे कळलं, की मस्टँग का जन्मली हे समजायला सोपं जातं. १९१४ ते १९२५ या काळात ही गाडी फक्त काळ्या रंगात मिळे. गिऱ्हाइकाला हवा तो रंग मिळेल, मात्र तो काळा असला पाहिजे, हा फोर्डचा विनोद प्रसिद्धच आहे. सगळ्या गाड्या सारख्या, म्हणून स्वस्त, हे त्याचं तत्त्व. पण लोकांना सारखेपणा खरंच हवा होता का? मॉडेल टी घेणारी माणसं गाडी घरी आणल्यावर तिला सजवत. सीअर्स रोबकसारख्या टपाली विक्रीच्या दुकानांच्या सूचीपत्रांत या गाडीसाठी आरसे, दिवे, भोंगे आणि असंख्य सुटे भाग मिळत. ई. बी. व्हाइट या लेखकाने १९३६ साली ‘न्यूयॉर्कर’ साप्ताहिकात या गाडीला निरोप देणारा लेख लिहिला, त्यातही गाडी विकत घेणं ही केवळ सुरुवात असे, खरी मजा तिच्यावर काहीबाही जोडण्यात असे, ही आठवण आहे. आपली गाडी चारचौघांसारखी नसावी, ही इच्छा तेव्हापासूनच होती. फोर्डने तिकडे लक्ष दिलं नाही.

लक्ष दिलं ते जनरल मोटर्सच्या आल्फ्रेड स्लोनने. त्याने प्रत्येक उत्पन्नगटासाठी वेगळी गाडी काढली. दरवर्षी रूप थोडं बदललं. १९१९ पासून त्या कंपनीने हप्त्यांवर गाड्या द्यायची सोय केली होती आणि १९२० नंतर लवकर वाळणारे नवे रंग हाताशी आले. लोक थोडे जास्त पैसे देऊन शेव्हरोले घेऊ लागले. हेन्री फोर्डचा मुलगा एडसेल बापाला नवी गाडी काढण्याचा सल्ला देत होता. बापाने तो फार उशिरा ऐकला. २६ मे १९२७ रोजी दीड कोटीवी मॉडेल टी तयार झाली आणि तिचं युग संपलं. पुढच्या गाडीची तयारी होईपर्यंत कारखाने महिनोन्‌महिने बंद राहिले आणि हजारो कामगार घरी बसले. मालकाच्या हट्टाची किंमत त्यांनी मोजली.

मधल्या काळात अमेरिका बदलली. महामंदी आली, महायुद्ध झालं. कामगार संघटनेला कडवा विरोध करणाऱ्या फोर्डला १९४१ साली मोटार कामगारांच्या संघटनेशी करार करावा लागला. १९४९च्या करारात कामगारांना निवृत्तिवेतन मिळालं. १९५६च्या कायद्याने सुमारे ६६ हजार किलोमीटरच्या महामार्गांचं जाळं विणायला घेतलं. मॉडेल टीला रस्ते नसलेल्या देशात धावायचं होतं. मस्टँगसाठी गुळगुळीत रस्ता तयार होऊ लागला होता. आणि युद्धानंतर जन्मलेली मुलांची प्रचंड लाट १९६४ साली अठरा वर्षांची होत होती.

ही लाट ज्याने आधी हेरली तो ली आयकोका. इटलीहून आलेल्या स्थलांतरिताचा मुलगा, १९२४ सालचा जन्म, फोर्ड विभागाचा प्रमुख. त्याच्या पुढची अडचण मोठी होती. १९५७ साली कंपनीने एडसेलच्या नावाने काढलेली गाडी सपशेल आपटली होती आणि हेन्री फोर्डचा नातू, दुसरा हेन्री फोर्ड, नव्या प्रयोगाला पैसे सोडायला नाखूश होता. १९६२च्या सप्टेंबरात परवानगी मिळाली, पण खर्चाला कात्री लावून. मग युक्ती केली ती अशी. फाल्कन नावाची फोर्डची एक साधी, काटकसरी कौटुंबिक गाडी होती. तिचंच इंजिन, तिचाच बराचसा सांगाडा घ्यायचा आणि त्यावर नवं अंग चढवायचं: लांब बॉनेट, आखूड शेपूट, पुढे बकेट सीट म्हणतात तशा दोन वेगळ्या सीट, मधोमध गिअरचा दांडा आणि जाळीवर धावता घोडा. मस्टँग म्हणजे अमेरिकेच्या पश्चिमेकडचा रानटी घोडा. किंमत २,३६८ डॉलरपासून पुढे.

१६ एप्रिल १९६४च्या रात्री अमेरिकेतल्या तिन्ही मोठ्या दूरचित्रवाणी वाहिन्यांवर तिची जाहिरात झळकली. पहिल्याच दिवशी सुमारे २२ हजार गाड्यांची मागणी नोंदवली गेली. वर्षाला एक लाख गाड्या खपतील असा कंपनीचा अंदाज; बारा महिन्यांत चार लाखांहून अधिक खपल्या. एक गंमत सांगतो. क्रमांक १ची मस्टँग विकायची नव्हती, दाखवायची होती. पण कॅनडातल्या न्यूफाउंडलंडमधल्या एका विमानचालकाने ती विकत घेऊन टाकली. कंपनीने परत मागितली तेव्हा त्याने चांगली दोन वर्षं वापरून मगच, बदल्यात नवी कोरी मस्टँग घेऊन, ती परत केली. आता ती डिअरबॉर्नच्या हेन्री फोर्ड संग्रहालयात आहे.

मस्टँगचं खरं यश मात्र घोड्यात नव्हतं, एका यादीत होतं. मूळ गाडीचं सहा सिलिंडरचं इंजिन जेमतेम १०१ अश्वशक्तीचं. त्यावर जास्त पैसे भरले की आठ सिलिंडरचं मिळे, त्यात सर्वांत जोरदार २७१ अश्वशक्तीचं. आपोआप बदलणारे गिअर, हलकं स्टिअरिंग, रेडिओ, वातानुकूलन, पांढऱ्या कडांचे टायर, छताला विनाइलचं आवरण, सगळं यादीत आणि सगळ्याला वेगळे पैसे. नुकती नोकरीला लागलेली तरुणी साधी गाडी घेई, वेगाचा शौकीन जोरदार इंजिनाची घेई, आणि दोघांनाही वाटे की ही गाडी माझ्यासाठीच केली आहे. मॉडेल टीचं गिऱ्हाईक जी हौस बाहेरच्या दुकानात भागवत होतं, ती कंपनीने आपल्याच बिलात आणून बसवली.

आता दोघींना शेजारी ठेवू. वजनात मस्टँग मॉडेल टीच्या दुप्पट. ताकदीत सर्वांत साधी मस्टँगसुद्धा पाचपट. किमतीकडे मात्र नीट पाहायला हवं. महागाईचा ढोबळ हिशेब केला तर १९२५ सालचे २६० डॉलर म्हणजे १९६४ सालचे सुमारे साडेचारशे डॉलर. म्हणजे तरुणांना परवडणारी म्हणून गाजलेली मस्टँग प्रत्यक्षात स्वस्तातल्या मॉडेल टीच्या पाचपट महाग होती. लोकांनी ती आनंदाने घेतली, कारण देशाचं उत्पन्न वाढलं होतं, हप्ते होते आणि कित्येक घरांत ही दुसरी गाडी होती. इथून तिथे नेणारी एक गाडी दारात आधीच उभी असलेला माणूस नव्या गाडीला वेगळा प्रश्न विचारतो: हिच्यात बसलेला मी कसा दिसेन?

या प्रश्नाचेही तोटे होते. त्या यादीत पुढच्या चाकांचे डिस्क ब्रेकसुद्धा जादा पैशांचे होते. गाडी किती वेगाने पळावी याबरोबर ती किती चांगली थांबावी, हेही गिऱ्हाइकाच्या ऐपतीवर सोडलं होतं. १९६५ साली राल्फ नेडरचं पुस्तक आलं. मोटार कंपन्या रूपावर पैसा उधळतात आणि सुरक्षिततेकडे काणाडोळा करतात, हा त्याचा मुख्य आरोप होता. पुढच्याच वर्षी अमेरिकेने वाहनसुरक्षेचा राष्ट्रीय कायदा केला. काही गोष्टी यादीतल्या नसतात, त्या प्रत्येक गाडीत असायलाच हव्यात, हे सरकारला सांगावं लागलं.

कामगाराचं काय? मस्टँग जोडणारा कामगार अजून सरकत्या पट्ट्यासमोरच उभा होता. काम तसंच तुकड्यातुकड्यांचं, कंटाळवाणं. पण त्याच्या घरी चौकशीला कोणी येत नव्हतं. पगार मालकाच्या मर्जीने नव्हे तर कराराने ठरत होता आणि म्हातारपणाची सोय होती. १९१४ सालचे पाच डॉलर एका माणसाच्या निर्णयातून आले होते. १९६४ सालचा पगार हा संप, मारहाण आणि वाटाघाटी यांतून मिळवलेला हक्क होता. दोन गाड्यांमधला मला सर्वांत मोठा वाटणारा फरक हाच आहे, आणि तो गाडीकडे बघून दिसत नाही.

ही गोष्ट आपल्यापासून फार दूरची नाही. फोर्डची भारतीय कंपनी मुंबईत १९२६ साली निघाली, आणि तिच्यामागोमाग जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईतच गाड्यांची जोडणी सुरू केली. डेट्रॉइटची स्पर्धा अशी आपल्या बंदरापर्यंत आली. पुढे आपल्याकडे दोन-तीनच बनावटींच्या गाड्या वर्षानुवर्षं तशाच मिळत राहिल्या. सारखेपणा मॉडेल टीचाच, पण किंमत मात्र उतरली नाही. मग २००८ साली रतन टाटा यांनी लाख रुपयांच्या नॅनोचं दर्शन घडवलं. पुण्यात आकाराला आलेली ही गाडी जगभर मॉडेल टीची वारसदार म्हणून गाजली. स्कूटरवर चौघांना घेऊन जाणाऱ्या कुटुंबाची गरज तिने अचूक ओळखली होती. तरी ती अपेक्षेइतकी खपली नाही आणि दहाएक वर्षांत तिचं उत्पादन थांबलं. सर्वांत स्वस्त गाडी हा शिक्का गिऱ्हाइकाला नको होता, हे पुढे रतन टाटा यांनीही बोलून दाखवलं. मॉडेल टीचं उत्तर घेऊन गाडी आली, पण गिऱ्हाइकाच्या मनात मस्टँगचा प्रश्न होता.

मॉडेल टी १९ वर्षांत दीड कोटी झाल्या. मस्टँग एक कोटीवर पोचली ती ऑगस्ट २०१८मध्ये, म्हणजे ५४ वर्षांनी. या दोघींत मोठी कोण, असं मला कोणी विचारलं तर मी मॉडेल टीचं नाव घेईन. तिच्या मालकाचे दोष आणि त्याची ती पाळत लक्षात ठेवूनही घेईन. तिचं दरपत्रक खाली उतरत गेलं आणि दर पायरीला नवी लाखभर घरं तिच्यापर्यंत पोचली. मस्टँगच्या यादीत जसजसं खाली यावं तसतसं बिल वर चढत होतं. पण मस्टँगने जे ओळखलं तेही खोटं नाही. गरिबातल्या गरीब गिऱ्हाइकालाही आपली वस्तू मिरवावीशी वाटते, तिची लाज वाटू नये असं वाटतं. उद्या आपल्याकडे सामान्य माणसासाठी जे वाहन निघेल, मग ते पेट्रोलवर चालो की विजेवर, त्याला हे दोन्ही सांभाळावं लागेल. आणि ते बनवणाऱ्याच्या घरी ते दारात उभं राहू शकतं का, हेही आपण विचारायला हवं.